काम केलें, पण साक्ष कोणाची?

गेल्या महिन्यांत डोंबिवलीहून एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें. पत्र लांब आहे, आणि आईच्या मनाची तळमळ त्यांतील ओळीओळींत दिसते. त्यांचा मुलगा साडेचार वर्षें ऐरोलीस एका मोठ्या कंपनीच्या कचेरींत संगणकाचें काम करीत होता. सकाळीं सातच्या सुमारास डबा घेऊन बाहेर पडावें, ठाण्यास गाडी बदलावी, आणि रात्रीं नऊला घरीं यावें, असा त्याचा क्रम. परंतु त्याची नेमणूक त्या कंपनीची नव्हती. माणसें पुरविणाऱ्या एका एजन्सीची होती. पगार एजन्सी देई, काम कंपनी घेई. आतां मुलगा व सून यांस कॅनडांत कायम वास्तव्याचा परवाना मिळवावयाचा आहे, आणि त्यासाठीं त्या साडेचार वर्षांच्या कामाचा दाखला हवा आहे. एजन्सीनें दोन ओळींचें पत्र दिलें: 'हे गृहस्थ अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे नोकरीस होते.' मुलगा कंपनीकडे गेला, तेव्हां तेथें उत्तर मिळालें, 'आपण आमचे नोकर कधींच नव्हतां.' या भगिनी आम्हांस विचारतात: "ज्याचा डबा मी साडेचार वर्षें भरला, त्यानें काम केलें हें सिद्ध करावयास आतां मीच साक्षीस जाऊं काय?"

प्रश्न उपरोधाचा असला तरी त्यांतील दुःख खरें आहे, आणि तें एकाच घराचें नाहीं. ठाणें, कल्याण, डोंबिवली या भागांतील आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत हाच विषय रात्रीच्या पंगतीस निघतो. म्हणून या महिन्याचें हें सदर त्यालाच देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हीं तिन्ही गांवें मूळचीं नोकरदारांचीं. 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, आणि पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणास पोंचले. तेव्हांपासून येथील मध्यम वर्गाचें घड्याळ गाडीच्या वेळापत्रकावर चालत आलें आहे. दोन पिढ्यांपूर्वीं नोकरी म्हणजे एक धनी, एक कचेरी आणि एक सेवापुस्तिका असा हिशेब होता. रेल्वे असो, सचिवालय असो, पोस्ट असो, कीं गिरणीची कचेरी असो. माणूस तरुणपणीं ज्या दारानें आंत शिरे, त्याच दारानें साठीच्या आसपास गळ्यांत हार घालून बाहेर पडे. त्याचा हुद्दा, वेतनवाढ, रजा, बदली हें सारें एका पुस्तकांत नोंदलेलें असे. 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें वागळे इस्टेट व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत गजबजली. तरी कारकुनाचा अथवा यंत्रज्ञाचा धनी कोण, याविषयीं फारसा संशय नसे. 2004 सालीं ठाणें-वाशी रेल्वेमार्ग सुरू झाला, ऐरोली व घणसोली जवळ आलीं, आणि त्या बाजूच्या कांचेच्या इमारतींत आमचीं मुलें कामास जाऊं लागलीं. तेथें मात्र धन्याची ओळखच अवघड झाली. गळ्यांतील ओळखपत्र एका कंपनीचें, पगाराची चिठ्ठी दुसरीची, आणि काम अनेकदां तिसऱ्याच एखाद्या परदेशी पेढीचें!

आमच्या मतें सगळ्या अडचणीचें मूळ एका वाक्यांत सांगतां येईल. एजन्सीमार्फत केलेल्या नोकरींत पगार देणारा काम पाहात नाहीं, आणि काम पाहणारा पगार देत नाहीं. म्हणून साक्षीचे दोन तुकडे होतात. एजन्सीला विचारावें, तर तिच्या वहींत शंभर माणसांस 'सल्लागार' हा एकच हुद्दा लावलेला असतो. आपला मनुष्य तेथें बसून नेमकें काय करीत होता, हें तिला सांगतां येत नाहीं. कंपनीला विचारावें, तर तिला सर्व ठाऊक असतें, पण सांगण्याची भीति वाटते. 'हा आमच्या हुकमाखालीं काम करीत होता' असें आपण लिहून दिलें, आणि उद्यां त्यानें त्याच कागदावर कायम नोकरीचा हक्क सांगितला तर काय, असा विचार तिचे कायदेपंडित करितात. दोघांच्याहि वागण्यांत दुष्टावा असतोच असें नाहीं. पण मध्यें आपला मुलगा अडकतो.

आतां कॅनडाचें सरकार काय मागतें तें पाहूं. जानेवारी 2015 पासून तेथें कुशल कामगारांची निवड 'एक्सप्रेस एन्ट्री' या पद्धतीनें होते. तींत वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांस गुण असतात. वरच्या गुणांच्या उमेदवारांस निमंत्रण येतें. आणि निमंत्रण आल्यापासून 60 दिवसांच्या आंत संपूर्ण अर्ज पुराव्यासह द्यावा लागतो. परदेशांत अनुभव मिळविलेल्यांसाठीं जो कुशल कामगारांचा संघीय वर्ग आहे, त्यांत मागील दहा वर्षांतील निदान एक वर्षाचें सलग, मोबदल्याचें काम दाखवावें लागतें. आठवड्यास 30 तास या हिशेबानें वर्षाचे 1,560 तास होतात. या वर्गाच्या पात्रतेच्या गुणपत्रकांत एका वर्षाच्या अनुभवास 9 गुण, दोन-तीन वर्षांस 11, चार-पांच वर्षांस 13, आणि सहा अथवा अधिक वर्षांस 15 गुण आहेत. अर्थात् दाखला हरवला कीं वर्षें हरवतात, आणि वर्षें हरवलीं कीं गुण हरवतात.

दाखला कसा असावा, हेंहि तेथील खात्यानें स्पष्ट सांगितलें आहे. पत्र मालकाच्या छापील कागदावर असावें. त्यावर पत्ता, दूरध्वनि व ई-मेल असावा. निकटच्या वरिष्ठाचें अथवा कर्मचारी विभागाच्या अधिकाऱ्याचें नांव, हुद्दा व सही असावी. उमेदवारानें भूषविलेले सर्व हुद्दे, कामाच्या तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक वेतन व इतर लाभ, आणि प्रत्यक्ष कर्तव्यें त्यांत लिहावीं. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तेथें धंद्यांचें एक राष्ट्रीय वर्गीकरण आहे. त्याची 2021 ची आवृत्ति या कामासाठीं 16 नोव्हेंबर 2022 पासून लागू झाली. अधिकारी हुद्द्याच्या नांवावर जात नाहीं; वर्गीकरणांत त्या धंद्याचीं जीं कर्तव्यें दिलीं आहेत, त्यांपैकीं पुरेशीं आपण खरोखर केलीं काय, तें तो पाहतो. 'आमच्याकडे नोकरीस होते' एवढ्या वाक्यानें त्याचें समाधान होणार नाहीं, हें उघड आहे. उलट, वर्गीकरणांतील वाक्यें जशींच्या तशीं उतरून काढलेलें पत्रहि संशयास पात्र होतें. कारण कोणत्याहि कचेरींत माणसें सरकारी कोष्टकाच्या भाषेंत काम करीत नाहींत.

हे नियम जाचक वाटतात खरे. परंतु क्षणभर त्या परक्या अधिकाऱ्याच्या खुर्चींत बसून पाहावें. आपल्याकडे 'अमक्यांचा नातू' एवढ्या ओळखीवर पुष्कळ व्यवहार होतात. त्या अधिकाऱ्यास आपलें घराणें ठाऊक नाहीं, आपली आळी ठाऊक नाहीं, आणि सकाळच्या गाडींतील गर्दीहि ठाऊक नाहीं. त्याच्यापुढें कागद असतो, आणि त्या कागदाच्या शेजारीं दुसऱ्या कोणाचा तरी खोटा कागदहि असूं शकतो. दोहोंतील भेद त्यानें कशावरून ओळखावा? आपण त्यास भेद ओळखण्याचें साधन पुरवावें, एवढेंच तो मागतो.

कंत्राटावर परदेशीं गेलेल्या मराठी माणसाची गांठ कागदाशीं पडण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1834 पासून मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर जाऊं लागले. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबें होतीं. उतरतांच प्रत्येकाचें नांव, बापाचें नांव, गांव, वय, उंची व अंगावरील खुणा वहींत नोंदल्या जात. कराराची मुदत पुरी केलेल्यानेंहि छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा, असें 1867 च्या कायद्यानें ठरविलें. आणि तो न दाखवितां आल्यास पोलीस त्यास भटक्या समजून धरीत. वर्षानुवर्षें ऊंस तोडलेला मनुष्य केवळ कागदावांचून बेकार ठरे! मात्र त्याच वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपलेल्या आहेत, आणि त्यांच्यावरून मॉरिशसमधील मराठी वंशज आपल्या पणजोबांचें गांव शोधून काढितात. त्या मजुराच्या हातीं त्या नोंदींपैकीं कांहींच नव्हतें. लिहिणारा दुसरा, ठेवणारा दुसरा. आमच्या सुशिक्षित मुलांची स्थिति तशी नाहीं. त्यांच्या नोंदी त्यांच्या हातांत आहेत, फक्त त्यांनीं त्या वेळेवर उचलल्या पाहिजेत.

वेळेवर न उचलल्यास काय होतें, याचें एक उदाहरण आमच्या परिचयाच्या ठाण्यांतील एका कुटुंबांत घडलें. चार वर्षांपूर्वींची गोष्ट. थोरला मुलगा एकोणतीस वर्षांचा. त्याच्या सहा वर्षांच्या अनुभवापैकीं दोन वर्षें थेट नोकरीचीं आणि चार एजन्सीमार्फत केलेलीं. सहाहि वर्षें धरून त्यानें गुण मांडले, आणि निमंत्रण आलें. घरांत पेढे वांटले गेले. मग दाखल्याची शोधाशोध सुरू झाली. ती एजन्सी मध्यंतरीं दुसऱ्या पेढीनें विकत घेतली होती. नवे मालक म्हणाले, जुनीं दप्तरें आमच्याकडे आलींच नाहींत. कंपनीनें हात वर केले. साठांपैकीं चाळीस दिवस गेले. एक्केचाळिसाव्या दिवशीं एक दलाल भेटला. कांहीं हजार रुपयांत छापील कागद, शिक्का, सही, आणि चौकशीचा दूरध्वनि आला तर उत्तर देणारा मनुष्य, एवढें सर्व तो पुरविणार होता.

त्या रात्रीं माजघरांत सगळे बसले. धाकटे काका म्हणाले, "काम तर त्यानें केलेंच आहे. खोटें काय आहे त्यांत? कागद तेवढा दुसऱ्याचा." हा युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड वाटतो, आणि पुष्कळ सज्जन माणसें त्यालाच फसतात. आजोबा कोषागारांतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "काम खरें असेल, तर त्याला खोटी सही लावून तूं तें खोटें करितोस." वडिलांनीं दुसऱ्या दिवशीं कॅनडाचा कायदा काढून वाचला. त्याच्या 40 व्या कलमाप्रमाणें खोटी माहिती देणाऱ्यास पांच वर्षें त्या देशांत प्रवेश मिळत नाहीं, आणि त्या काळांत कायम वास्तव्यासाठीं अर्जहि करितां येत नाहीं. दाखला खोटा ठरला म्हणजे त्याखालचें खरें कामहि कोणी विचारांत घेत नाहीं.

शेवटीं मुलानें निमंत्रण नाकारलें. तसें करण्याची सोय आहे, आणि तसें केल्यास नांव पुन्हा उमेदवारांच्या यादींत जातें. सिद्ध करितां येतील तेवढींच दोन वर्षें त्यानें आपल्या माहितींत ठेविलीं. गुण उतरले. पुढें तिसावें वर्ष लागतांच वयाचे आणखी पांच गुण कमी झाले. सुनेनें नवऱ्यास एका शब्दानें दोष दिला नाहीं, पण त्या दिवाळींत घरांत उत्साह नव्हता, हें आम्हीं स्वतः पाहिलें. मात्र तो स्वस्थ बसला नाहीं. ज्या वरिष्ठाच्या हाताखालीं त्यानें चार वर्षें काम केलें होतें, ते गृहस्थ नोकरी बदलून पुण्यास गेले होते, तेथें तो त्यांना भेटला. त्यांनीं आपल्या नांवानें, आपला तेव्हांचा व आतांचा हुद्दा सांगून, मुलाचीं कर्तव्यें तपशीलवार लिहून नोटरीसमोर सही करून दिली. भविष्यनिर्वाह निधीच्या पुस्तिकेंत दरमहा जमा झालेली रक्कम एजन्सीच्या नांवानें मिळाली. बँकेच्या उताऱ्यांतील पगार तिच्याशीं जुळला. एजन्सीच्या मूळ नेमणूकपत्रांत त्यास कोणत्या कंपनीकडे पाठविलें, तें लिहिलेलें होतें. हे सगळे तुकडे एका खुलाशाच्या पत्रानें जोडून त्यानें चार वर्षें पुन्हा मांडलीं. दीड वर्षानें दुसरें निमंत्रण आलें, आणि अर्ज मंजूर झाला. आज तीं दोघें टोरांटोस आहेत. साठ दिवसांत जें साधलें नाहीं, तें त्यास सावकाश साधलें. आणि नोकरींत असतांनाच केलें असतें, तर तें एका दुपारचें काम होतें.

यावरून आमच्या वाचकांस कांहीं गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अशी कीं, कायद्यानें मालक एजन्सी आहे, म्हणून मुख्य दाखला तिच्याचकडून घ्यावा. परंतु तो दोन ओळींचा नसावा. 'आमच्या वतीनें अमुक कंपनीच्या अमुक ठिकाणच्या कचेरींत नेमणूक होती' असें वाक्य त्यांत अवश्य असावें. कर्तव्यांचा मसुदा मुलानें स्वतःच्या शब्दांत तयार करून वरिष्ठास दाखवावा, त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावा, आणि मग एजन्सीकडे द्यावा. लिहिण्याचा त्रास वांचला म्हणजे पुष्कळ कचेऱ्या सही करण्यास तयार होतात, असा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, काम पाहणाऱ्या वरिष्ठाचें पत्र. कंपनीचा छापील कागद मिळाला तर उत्तमच. न मिळाला तर त्या गृहस्थाचें व्यक्तिगत पत्र किंवा शपथपत्र घ्यावें. कॅनडांत अशा पर्यायी पुराव्यास किती वजन द्यावयाचें तें अधिकारी ठरवितो. म्हणून मूळ दाखला कां मिळाला नाहीं, तो मागितल्याचा पत्रव्यवहार कोठें आहे, हेंहि दाखवावें. ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या संगणक व्यावसायिकांच्या परीक्षणांतहि सहकाऱ्याचें शपथपत्र वेतनाच्या पुराव्यासह मांडण्याची वाट आहे. मात्र स्वतःच स्वतःची साक्ष दिलेली कोणास पटत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

तिसरी गोष्ट पैशाच्या पुराव्याची. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे उतारे, आयकराचे दाखले आणि भविष्यनिर्वाह निधीची पुस्तिका या चौघांनीं एकमेकांस दुजोरा दिला पाहिजे. 2014 पासून निधीच्या प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळतो. नोकऱ्या बदलल्या तरी तो बदलत नाहीं. एजन्सी बंद पडली, विकली गेली, तरी ही नोंद राहते.

चौथी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत येते. आपण एजन्सीचे नोकर होतों, कीं तिला बिल देणारे स्वतंत्र व्यावसायिक होतों? 1961 च्या आयकर कायद्याखालीं पगारावरील कर 192 व्या कलमाप्रमाणें कापला जाई, आणि व्यावसायिक शुल्कावरील कर 194-जे या कलमाप्रमाणें. त्या वर्षांच्या कागदांवर कोणतें कलम आहे तें पाहावें. शुल्क म्हणून पैसे घेतले असतील, तर 'नोकर होतों' असें लिहूं नये. स्वतंत्र व्यवसाय म्हणून मांडून गिऱ्हाइकांचीं पत्रें व पैसे पोंचल्याचे पुरावे जोडावे. भारतांतील असा अनुभव वर सांगितलेल्या संघीय वर्गांत चालतो. परंतु जीं मुलें कॅनडांतच तात्पुरत्या परवान्यावर काम करीत आहेत, त्यांनीं विशेष सावध राहावें. तेथील अनुभवावर कायम वास्तव्य देणाऱ्या 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास' या वर्गांत स्वतंत्र व्यवसाय म्हणून केलेलें काम साधारणतः धरलें जात नाहीं. चार पैसे अधिक मिळतात म्हणून एजन्सीच्या सल्ल्यानें स्वतःची पेढी काढून बिलें देणाऱ्या मुलाची दोन वर्षें अशा रीतीनें हिशेबाबाहेर राहूं शकतात.

आपल्या देशाच्या कायद्यानेंहि या बाबतींत कांहीं सोय केली आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालीं 1971 चे जे केंद्रीय नियम होते, त्यांतील 77 व्या नियमानें काम संपल्यावर कंत्राटदारानें कामगारास सेवेचा दाखला देणें आवश्यक केलें होतें. तो कायदा आतां मागें पडला. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिति संहिता, 2020 अमलांत आली. तिच्या 6 व्या कलमांत कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र देण्याचें बंधन मालकावर आहे. आणि 56 व्या कलमांत, कंत्राटी कामगारानें मागणी करितांच त्यानें केलेल्या कामाचा तपशील देणारा अनुभवाचा दाखला कंत्राटदारानें द्यावा, असें सांगितलें आहे. एजन्सीकडे नियमित नोकरींत असून वेतनवाढ व सामाजिक सुरक्षा मिळणारा मनुष्य मात्र 'कंत्राटी कामगार' या व्याख्येंत बसत नाहीं. अशानें नेमणुकीच्या वेळींच, काम सोडतांना कर्तव्यांसह दाखला मिळेल, असें करारांत लिहून घेणें हाच मार्ग. नोकरी मिळण्याच्या आनंदांत हें मागणें अवघड वाटतें. पण त्या दिवशीं मागितलेलें एक वाक्य पुढें फार उपयोगीं पडतें.

आणखी दोन सूचना. कागद जमवितांना कंपनीची गुप्त माहिती घरीं आणूं नये; आपल्या नांवाचीं पत्रें, मूल्यमापनें, तासांचीं पत्रकें एवढींच आपलीं. आणि सल्लागार नेमावयाचा झाल्यास त्याचा परवाना पाहावा. कॅनडाच्या बाबतींत पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकिलांस, क्वेबेकच्या नोटरींस, आणि नोव्हेंबर 2021 पासून कामास लागलेल्या तेथील सल्लागार मंडळाच्या परवानाधारकांसच आहे; त्या मंडळाची नोंदवही कोणासहि घरबसल्या पाहतां येते. नियमहि वरचेवर बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशीं खात्याची मूळ सूचना स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या मुलानें तीन वर्षांपूर्वीं काय केलें, तें प्रमाण मानूं नये.

आतां घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंती. आपल्या घराण्यांतून दप्तर ठेवण्याची रीत पूर्वापार आहे. जमिनीच्या सनदा, वांटण्यांचे कागद, सोयरिकींचीं पत्रें रुमालांत बांधून आपण पिढ्यान् पिढ्या जपलीं. पणजोबांच्या सहीचा कागद दाखवितांना आपला ऊर भरून येतो; पण नातवाच्या नोकरीचें नेमणूकपत्र कोठें आहे, असें विचारल्यास घरांत कोणास सांगतां येत नाहीं. तें कंपनीच्या ई-मेलमध्यें होतें, आणि नोकरी सुटली त्या सायंकाळींच त्या ई-मेलचें दार बंद झालें! मुलें धांवपळींत असतात, त्यांस सवड नसते. आजोबांस सवड असते, अक्षर चांगलें असतें, आणि कागदाची किंमतहि ठाऊक असते. घरांतील प्रत्येक कमावत्या मुलामुलीची व सुनेची एक एक फाईल त्यांनीं आपल्या देखरेखीखालीं घ्यावी. दर गुढीपाडव्यास ती उघडून पाहावी. वर्षाच्या पगाराच्या चिठ्ठ्या, निधीचा उतारा, बदललेला हुद्दा व वरिष्ठाचा पत्ता त्यांत घालावा. मुलगा परदेशीं जाईल न जाईल. गृहकर्ज, दुसरी नोकरी, निधीचे पैसे काढणें, या प्रत्येक वेळीं हेच कागद उपयोगीं पडतील. लग्न होऊन सासरीं जाणाऱ्या मुलीबरोबर तिची फाईलहि जावी, हें सांगावयास नकोच.

आमच्या डोंबिवलीच्या भगिनींस आमचें उत्तर इतकेंच. आपण साक्षीस जाण्याचें कारण नाहीं. पण साक्षीदार शोधण्यास मुलास साहाय्य करण्याचें कारण पुष्कळ आहे. त्याची एजन्सी अजून चालू आहे, हें आपल्या पत्रावरून दिसतें; तेव्हां तिच्याकडे कर्तव्यांचा मसुदा घेऊन पुन्हा जावें, आणि 'देतां येत नाहीं' असें उत्तर आल्यास तें लेखी मागावें. ज्या वरिष्ठाचा उल्लेख आपण केला आहे, ते कल्याणासच राहतात. त्यांच्या घरीं मुलानें या रविवारीं जावें, पुढच्या महिन्यावर टाकूं नये. माणसें नोकऱ्या बदलतात, गांवें बदलतात, आणि आठवणीहि पुसट होतात. दाखल्यावांचून जीं वर्षें राहतील, तीं तूर्त अर्जांत धरूं नयेत. थोडें थांबावें लागलें तरी चालेल. आणि कोणी दलाल दारीं आलाच, तर त्यास चहा अवश्य द्यावा, पण फाईल दाखवूं नये.